दुर्बोधता, बांधिलकी आणि एक हद्दपार संगीतकार

१

गेल्या वर्षी बी. ए.च्या वर्गात युरोपातील आधुनिकतावादावर बोलत असताना मी एका कॅटलान संगीतकाराचे नाव घेतले आणि त्याच्या तिसऱ्या सिंफनीतील पाचसात मिनिटे विद्यार्थ्यांना मोबाइलवरून ऐकवली. वर्ग आधी हसला, मग गप्प झाला. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हा माणूस फॅसिस्टांच्या विरोधात होता म्हणता. मग लोकांना कळेल असं त्याने का नाही केलं? हे केलंय कुणासाठी?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी संगीताचा अभ्यासक नाही. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. पियानो आणि व्हायोलिन ही वाद्ये मी सिनेमातच पाहिली. तरी तो प्रश्न मला सोडीना. कारण तो प्रश्न एका संगीतकारापुरता नाही. चळवळीशी नाते सांगणाऱ्या प्रत्येक लेखकाला, कवीला, चित्रकाराला तो कधी ना कधी विचारला जातो. तो सरळ आणि प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याला 'कला ही कलेसाठीच असते' असे घासून गुळगुळीत झालेले उत्तर देऊन चालणार नाही. त्याचबरोबर 'जे सामान्य माणसाला चटकन कळत नाही ते सारे प्रस्थापितांचे' हे आपल्या बैठकांत ऐकू येणारे उत्तरही तपासून घेतले पाहिजे. त्यासाठी रोबर्ट गेरहार्ड या संगीतकाराचे जीवन आणि कार्य मला उपयोगी वाटते. तो महान होता की नव्हता, हा वाद मी संगीताच्या जाणकारांवर सोपवतो.

२

गेरहार्डचा जन्म २५ सप्टेंबर १८९६ रोजी वाल्स या गावी झाला. हे गाव स्पेनच्या ईशान्येकडील कॅटलोनिया प्रांतात, तारागोना शहराजवळ आहे. माणसांवर माणसे उभी करून मनोरे रचण्याची कॅटलान प्रथा या गावाच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडच्या दहीहंडीच्या थरांची आठवण व्हावी असे ते मनोरे असतात आणि ते चढताना सनईच्या जातीचे 'ग्रालिया' नावाचे कर्कश वाद्य आणि ढोल वाजत असतो. गेरहार्डच्या वाद्यवृंदातील तीव्र, टोचणाऱ्या फुंकवाद्यांचे ध्वनी ऐकताना मला हे गाव आठवते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. या माणसाच्या अंगात कॅटलान रक्त नव्हते. वडील जर्मनभाषक स्विस, आई अल्सास प्रांतातली. म्हणजे वंशाच्या हिशेबाने तो उपराच. तरी त्याने स्वतःला कॅटलान मानले, कॅटलान भाषेत लिहिले आणि कॅटलोनियाच्या भवितव्याशी आपले आयुष्य बांधून घेतले. त्याचा भाऊ कार्लेस कॅटलान विधिमंडळाचा सभासद होता. यादवी युद्धाच्या काळात मोन्सेरात या प्रसिद्ध मठाच्या रक्षणाची जबाबदारी सरकारने त्याच्यावर सोपवली होती आणि पुढे त्यालाही मेक्सिकोत परागंदा व्हावे लागले. अस्मिता ही रक्तातून येत नाही, ती माणूस कृतीने मिळवतो, याचे हे दोन भाऊ चांगले उदाहरण आहेत. मात्र इथेच एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. गेरहार्डला आपली ओळख निवडता आली. ज्यांच्यावर ओळख जन्मानेच लादली जाते, त्यांना ही निवड इतकी मोकळी नसते. तेव्हा त्याच्या उदाहरणाने भारावून जाण्यापूर्वी हा फरक नोंदवून ठेवू.

त्याला पियानो शिकवला एन्रिक ग्रानादोस यांनी. ते १९१६ मध्ये इंग्लिश खाडीत जर्मनांनी पाणतीर मारलेल्या बोटीवरून प्रवास करताना मृत्यू पावले. रचना शिकवली फेलिप पेद्रेल यांनी. पेद्रेल हे स्पेनमधील लोकसंगीताचे मोठे संग्राहक. त्यांचा लोकगीतांचा चार खंडांचा संग्रह १९१८ ते १९२२ या काळात याच वाल्स गावी छापला गेला. ज्या देशाला आपले संगीत उभारायचे आहे त्याने ते आपल्या लोकांच्या गाण्यावर उभारावे, ही पेद्रेल यांची शिकवण. गेरहार्ड हा त्यांचा अखेरचा शिष्य. १९२२ मध्ये पेद्रेल वारले आणि पंचवीस वर्षांचा हा तरुण एकाकी पडला.

इथे दुसरा कोणी असता तर गुरूच्या संग्रहातील चाली घेऊन, त्यांना पियानोची साथ जोडून सुखाने जगला असता. अशा रचनांना तेव्हा मागणीही होती. गेरहार्डला वाटले, की लोकगीत उचलून त्याला सुरेख साज चढवणे म्हणजे लोकगीताचा आदर नव्हे. त्याने १९२३ मध्ये व्हिएन्नाच्या आर्नोल्ड शोनबर्गला पत्र लिहिले आणि आपल्या रचना पाठवल्या. शोनबर्गने त्याला शिष्य म्हणून स्वीकारले. १९२८ पर्यंत, आधी व्हिएन्नात आणि नंतर बर्लिनमध्ये, तो त्याच्याजवळ शिकला.

३

शोनबर्गची पद्धती काय होती, ते मला समजले तेवढे सांगतो. आपल्या सप्तकातही कोमल-तीव्र धरून बारा स्वर आहेत. पण 'सा' हा आधार असतो, बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखले जातात. युरोपच्या जुन्या संगीतातही असा एक आधारस्वर असे. शोनबर्गने तो काढून टाकला. बाराही स्वर एका ठरावीक क्रमाने मांडायचे आणि त्या क्रमातून, तो उलटून, पालटून, संपूर्ण रचना उभी करायची, अशी ही द्वादशस्वरी पद्धती.

हे वाचताना मला एक मोह झाला आणि तो मी कबूल करतो. 'बारा स्वर समान, कोणी राजा नाही, कोणी प्रजा नाही. म्हणजे ही स्वरांची लोकशाहीच!' असे वाक्य मी वहीत लिहूनही ठेवले होते. नंतर ते खोडले. अशा उपमा टाळ्या मिळवतात आणि विचार बंद पाडतात. या पद्धतीत आधारस्वर जातो खरा, पण त्याच्या जागी तो ठरावीक क्रम येऊन बसतो आणि त्याची शिस्त अधिकच कडक असते. स्वरांच्या मांडणीतून समाजव्यवस्था सिद्ध होत नाही. पुरोगामी राजकारणाला पुरोगामी तंत्र आपोआप मिळत नाही आणि नवे तंत्र वापरणारा आपोआप पुरोगामी ठरत नाही.

मग गेरहार्डला या पद्धतीतून काय मिळाले? माझ्या मते त्याला वारशाशी नाते जोडण्याची दुसरी वाट मिळाली. पेद्रेलने त्याला लोकगीत दिले होते, शोनबर्गने बांधणीचा विचार दिला. गेरहार्डने दोहोंपैकी एकालाही सोडले नाही. १९२८ मध्येच त्याने एकीकडे कॅटलान लोकगीतांची मांडणी केली, 'सार्दाना' या सामूहिक गोल नृत्यासाठी रस्त्यावरच्या फुंकवाद्यांच्या ताफ्याकरिता रचना केली आणि दुसरीकडे शोनबर्गच्या वळणाचे फुंकवाद्यांचे पंचकही लिहिले. लोक म्हणत, यातला खरा गेरहार्ड कोणता? हा प्रश्नच चुकीचा आहे. ज्याच्या मागे दोन परंपरा उभ्या असतात त्याला दर वेळी 'तू नक्की कोणाचा?' असे विचारले जाते. ज्याच्या मागे एकच असते त्याला असे कोणी विचारत नाही.

४

१९२९ च्या डिसेंबरात बार्सिलोनात केवळ त्याच्या रचनांचा कार्यक्रम झाला. त्यावर टीका झाली. कॅटलान संगीतातील वजनदार नाव, 'ओर्फेओ काताला' या गायकवृंदाचे प्रमुख लुईस मिलेत यांच्याशी 'मिरादोर' साप्ताहिकातून त्याचा वाद झडला. वादाचा गाभा आपल्या परिचयाचा आहे. देशी काय आणि परकी काय? लोकांच्या चालीत परदेशी तंत्र मिसळले तर ती आपली राहते का? गेरहार्डची भूमिका अशी, की परंपरा ही जपून ठेवायची वस्तू नव्हे, तिला आजच्या काळात पुढचे पाऊल टाकता आले पाहिजे. मला ही भूमिका योग्य वाटते. जुने तेच शुद्ध, असे म्हणणाऱ्यांना बहुधा जुन्यातील आपली जागा जपायची असते.

परंतु इथवर मी फक्त गेरहार्डविषयी बोललो. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न 'कुणासाठी' हा होता. त्याचे उत्तर गेरहार्डच्या रचनांत न शोधता त्या काळच्या बार्सिलोनात शोधले पाहिजे.

१९२६ मध्ये त्या शहरात विख्यात चेलोवादक पाब्लो कसाल्स यांच्या पुढाकाराने कामगारांची संगीत-सभा स्थापन झाली. ज्यांची मिळकत एका मर्यादेच्या आत आहे अशा कष्टकऱ्यांनाच तिचे सभासद होता येई. वर्गणी नाममात्र. रविवारी, म्हणजे गिरणी-कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, कसाल्स यांचा वाद्यवृंद त्यांच्यासाठी वाजवी. हा उरलासुरला माल गरिबांना वाटण्याचा प्रकार नव्हता. कामगारांनी ती संस्था स्वतः चालवली, तिचे मासिक काढले. ज्या वाद्यवृंदासमोर हे कामगार बसत, त्याच वाद्यवृंदाचे संचालन १९३२ मध्ये स्वतः शोनबर्गने केले. शोनबर्ग त्या वेळी प्रकृतीच्या कारणाने बार्सिलोनात येऊन राहिला होता आणि गेरहार्ड हाच त्या मुक्कामात त्याचा आधार होता. 'मोझेस आणि आरॉन' या ऑपेराचा दुसरा अंक शोनबर्गने याच शहरात पुरा केला.

१९३१ मध्ये स्पेनमध्ये राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले. १९३२ मध्ये कॅटलोनियाला स्वायत्तता मिळाली. गेरहार्ड घरात बसून रचना करीत राहिला नाही. मोम्पोऊ आदी संगीतकारांबरोबर त्याने स्वतंत्र रचनाकारांचा गट काढला. कॅटलोनियाच्या ग्रंथालयात अठराव्या शतकातील विस्मृत कॅटलान संगीतकारांच्या हस्तलिखितांचे संपादन केले. शिकवले, लेख लिहिले, भाषांतरे केली. म्हणजे नवे संगीत लिहिणारा हा माणूस जुन्या संगीताची धूळही झाडत होता. १९३६ च्या एप्रिलमध्ये समकालीन संगीताच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा महोत्सव बार्सिलोनात भरला. आल्बान बेर्ग याच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोचा पहिला प्रयोग १९ एप्रिल १९३६ रोजी याच महोत्सवात झाला. जे संगीत हिटलरच्या जर्मनीत बंद पाडले जात होते ते बार्सिलोनात पहिल्यांदा वाजत होते.

तीन महिन्यांनी, १८ जुलै १९३६ रोजी, कसाल्स आपल्या वाद्यवृंदाबरोबर आणि गायकांबरोबर बेथोवनच्या नवव्या सिंफनीची तालीम घेत होते. लष्कराने उठाव केल्याची बातमी तिथे येऊन थडकली. पुन्हा कधी एकत्र येऊ सांगता येत नाही, तेव्हा शेवटचा भाग गाऊन मगच जाऊ, असे त्यांनी ठरवले, तो गायला आणि ते पांगले. कसाल्स यांनीच ही आठवण सांगून ठेवली आहे. त्यानंतर कामगारांच्या त्या सभेचा शेवट झाला.

माझ्या विद्यार्थ्याला मी आता काय सांगीन, ते इथे स्पष्ट होते. अवघड कला आणि कष्टकरी माणूस यांच्यामध्ये भिंत असते ती बुद्धीची नसते. फुरसत नसणे, तिकिटाचे पैसे नसणे, लहानपणापासून कानावर काही न पडणे आणि सभागृहाच्या दारातच अवघडून जाणे, या विटांनी ती बांधलेली असते. ती पाडण्याचे काम एकट्या संगीतकाराचे नाही. बार्सिलोनाने दहा वर्षे ते संस्थेच्या बळावर करून पाहिले. गेरहार्डचे संगीत कोणासाठी होते, तर तिथे घडू लागलेल्या त्या श्रोत्यासाठी. तो श्रोता पुरता घडायच्या आतच मारला गेला.

५

युद्धाच्या काळात गेरहार्ड प्रजासत्ताकाच्या मध्यवर्ती संगीत मंडळावर काम करीत होता. 'आल्बादा, इंतरलुदी आणि दान्सा' ही त्याची रचना याच काळातली. पिरेनीज पर्वतातील सेंट जॉनच्या रात्रीच्या होळ्यांवर आधारलेला एक बॅलेही त्याने याच काळात लिहायला घेतला. तो अपुरा राहिला. २६ जानेवारी १९३९ रोजी बार्सिलोना फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले. गेरहार्ड त्या दिवसांत समकालीन संगीताच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या परीक्षक मंडळाच्या कामासाठी वॉर्सात होता. तो परत गेला नाही. आधी पॅरिस आणि मग, केंब्रिजचे प्राध्यापक एडवर्ड डेंट यांच्या खटपटीने किंग्ज कॉलेजची संशोधनवृत्ती मिळून, केंब्रिज. व्हिएन्नाची त्याची पत्नी पोल्डी बरोबर होती. ५ जानेवारी १९७० रोजी तो केंब्रिजमध्येच वारला.

निर्वासित म्हटले की आपण सगळ्यांना एका ओळीत बसवतो. तसे करू नये. त्याच आठवड्यांत साडेचार-पाच लाख माणसे थंडीत सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेली. आर्जेलेसच्या समुद्रकिनाऱ्यावर काटेरी तारांच्या आत, वाळूत, त्यांना कोंडले गेले. कवी आंतोनियो माचादो सीमेपलीकडच्या कोलियूर गावात २२ फेब्रुवारी १९३९ रोजी वारले. कॅटलोनियाचे अध्यक्ष लुईस कोम्पानिस यांना गेस्टापोने फ्रान्समध्ये पकडून फ्रँकोच्या हवाली केले आणि १५ ऑक्टोबर १९४० रोजी बार्सिलोनात गोळ्या घालण्यात आल्या. यांच्या शेजारी केंब्रिजची संशोधनवृत्ती मिळालेला संगीतकार ठेवला, तर त्याच्या वाट्याला आलेले दुःख सौम्यच म्हटले पाहिजे. शिक्षण, भाषा, आंतरराष्ट्रीय ओळखी ही त्याच्याजवळची भांडवले होती. वाळूत बसलेल्या शेतमजुराजवळ त्यातले काही नव्हते. हद्दपारीतसुद्धा वर्ग असतो. तसेच, गावातच राहून गावाबाहेर ठेवले जाणे हा अनुभव आणखी वेगळा. त्याची आणि गेरहार्डच्या हद्दपारीची बरोबरी करून टाकण्याचा सोपा मार्ग मी घेत नाही.

पण त्याने काय गमावले, हेही कमी लेखून चालणार नाही. त्याचा देश त्याला नाकारून मोकळा झाला. कॅटलान भाषा सार्वजनिक जीवनातून हाकलली गेली. त्याचे संगीत स्पेनमध्ये अनेक वर्षे जवळजवळ ऐकूच आले नाही. आणि इंग्लंडमध्ये? तिथे तो परका. इंग्रज श्रोत्याला स्पेन म्हणजे नाचणाऱ्या बायका, गिटार आणि बैलांची झुंज. त्या श्रोत्याला कॅटलोनिया कुठे आहे हेही सांगावे लागे.

६

पोट भरण्यासाठी गेरहार्डने बी.बी.सी.करिता हलक्याफुलक्या स्पॅनिश संगीताच्या मांडण्या केल्या. त्या त्याने 'हुआन सेर्रालोंगा' या टोपणनावाने केल्या. हे नाव नुसते गमतीचे नाही. जुआन दे सेर्रालोंगा हा सतराव्या शतकातला कॅटलान दरोडेखोर, लोकगीतांतून आणि लोककथांतून जिवंत राहिलेला. इंग्रजांना गोड स्पॅनिश चाली पुरवताना या माणसाने सही केली ती आपल्या लोकांच्या बंडखोराची. इंग्लंडमधल्या एकाही श्रोत्याला ही खूण कळली असेल असे वाटत नाही.

आणि त्याचे खरे नाव? 'रोबर्ट' हे कॅटलान रूप मागे पडले आणि जगात तो 'रोबेर्तो' म्हणून ओळखला गेला. रोबेर्तो हे कॅस्टिलियन रूप, म्हणजे ज्या भाषेच्या नावाने फ्रँकोचे राज्य कॅटलान दडपत होते तिचे. बाजाराला स्पॅनिश माणूस हवा होता, तेव्हा कॅटलान माणसाला स्पॅनिश नाव धारण करावे लागले. कॅटलोनियात आता पुन्हा त्याला रोबर्ट म्हणतात.

या काळात त्याने बॅले लिहिले. 'डॉन किहोते' १९५० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये सादर झाला. 'पांडोरा' हा युद्धाविषयीचा बॅले कुर्ट योस यांच्या मंडळीसाठी लिहिला. पेद्रेलच्या स्मरणार्थ १९४१ मध्ये सिंफनी लिहिली. व्हायोलिन कॉन्चेर्तोच्या मधल्या भागात आपल्या दुसऱ्या गुरूच्या, शोनबर्गच्या, चौथ्या चौकडीतील स्वरक्रम गुंफला. शेरिडनच्या नाटकावरून 'द डुएना' हा ऑपेरा १९४५ ते १९४७ मध्ये लिहिला. इंग्रजी प्रहसन, स्पॅनिश गाण्याची ढब आणि द्वादशस्वरी बांधणी, सारे एकत्र. बी.बी.सी.ने तो १९४९ मध्ये ध्वनिक्षेपित केला. रंगभूमीवर तो संपूर्ण उभा राहिला १९९२ मध्ये, माद्रिदला. तोपर्यंत त्याला जाऊन बावीस वर्षे झाली होती.

काही टीकाकारांना या काळातला गेरहार्ड तडजोडीचा वाटतो. मला तसे म्हणवत नाही. पोटासाठी केलेले काम त्याने टोपणनावाने वेगळे ठेवले आणि स्वतःच्या नावाने जे केले त्यात सोपेपणाला शरण गेला नाही. मात्र एक दोष मी दाखवीन. 'डॉन किहोते' आणि अंदालुशियन ढंगाचा 'आलेग्रियास' यांत परदेशी श्रोत्याच्या मनातला स्पेन अधूनमधून डोकावतो. लोकगीत आपल्या माणसांसमोर वाजते तेव्हा ते संभाषण असते, परक्यांसमोर वाजते तेव्हा त्याचे प्रदर्शन होण्याचा धोका असतो. गेरहार्डने तो धोका ओळखला असावा. पुढच्या कामात लोकगीताचा पोशाख त्याने जवळजवळ उतरवून ठेवला.

७

१९५० नंतरचा गेरहार्ड हाच वर्गात हसे उडालेला गेरहार्ड. हृदयविकार जडलेला, साठीकडे झुकलेला हा माणूस केंब्रिजच्या घरात ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन बसला. पत्नी मदतीला. ध्वनिफीत कापायची, जोडायची, उलटी फिरवायची. १९५४ मध्ये 'द प्रिझनर' या नाटकासाठी आणि १९५५ मध्ये स्ट्रॅटफर्डच्या 'किंग लियर'साठी त्याने फितीवरचे ध्वनी वापरले. इंग्लंडमध्ये असे काम करणाऱ्या पहिल्या संगीतकारांत तो मोडतो. १९६० च्या 'कोलाजेस' या तिसऱ्या सिंफनीत वाद्यवृंदाबरोबर ध्वनिफीत वाजते. विमानातून अटलांटिकवर पाहिलेल्या सूर्योदयातून ही रचना सुचली, असे तो सांगे.

इथे टीकाकार म्हणतात : पाहा, हद्दपारीत तो 'वैश्विक' झाला, कॅटलोनिया मागे पडला. माझा या 'वैश्विक' शब्दावर आक्षेप आहे. ज्याचा देश हिसकावून घेतला त्याला वैश्विक म्हणणे म्हणजे घर जळालेल्याला 'आता तुला आकाश मिळाले' असे सांगणे. शिवाय ते वस्तुस्थितीला धरूनही नाही. १९५९ मध्ये त्याने फितीवर जी मोठी रचना केली ती लोर्काच्या शोककाव्यावर; लोर्का, ज्याला १९३६ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकोच्या पक्षाच्या लोकांनी ठार मारले. १९६४ मध्ये त्याने काम्यूच्या 'प्लेग' कादंबरीवर निवेदक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी दीर्घ रचना पुरी केली. फॅसिझम ही एका शहरात हळूहळू शिरणारी साथ आहे, हे त्या कादंबरीचे रूपक सर्वांना ठाऊक आहे. काम्यूच्या आईचे घराणे मिनोर्का बेटावरचे, म्हणजे कॅटलान बोलणाऱ्यांतले, हा योगायोगही नोंदवण्यासारखा.

'प्लेग' ऐकताना माझ्या अडाणी कानालाही एक गोष्ट समजली. निवेदक साध्या, सपाट आवाजात शहराची हकिगत सांगतो. गायकवृंद कधी गातो, कधी कुजबुजतो, कधी ओरडतो. भीती इथे वर्णनात नाही, ती आवाजांच्या गर्दीत आहे. अशा विषयाला गोड चाल लावली असती तर ती खोटी झाली असती. काही अनुभवच असे असतात की ते सोपे करून सांगणे हा त्यांचा अपमान ठरतो. दुर्बोधता दोन प्रकारची असते. एक लेखकाची ऐट म्हणून येते, तिला आपण खुशाल झोडपावे. दुसरी अनुभवाच्या बरोबर येते, तिच्याजवळ थांबावे लागते.

कसाल्स यांची इथे पुन्हा आठवण होते. त्यांनीही हद्दपारी पत्करली. फ्रँकोला मान्यता देणाऱ्या राष्ट्रांचा निषेध म्हणून त्यांनी महायुद्धानंतर जाहीर कार्यक्रम बंद केले आणि पुढे पक्ष्यांच्या गाण्याची एक जुनी कॅटलान लोकधून वाजवून ती साऱ्या जगाला आपल्या देशाची खूण म्हणून दिली. एका साध्या चालीत एवढे बळ असते, हे कसाल्स यांनी दाखवले. म्हणून गेरहार्ड चुकला का? नाही. कसाल्स यांच्यामागे जगभरची कीर्ती होती. त्यांचे मौनसुद्धा ऐकू जात होते. गेरहार्ड गप्प बसला असता तर कोणाच्या लक्षातही आले नसते. त्याला लिहीतच राहणे भाग होते.

आणि तो लिहू शकला याचे कारणही लक्षात ठेवले पाहिजे. त्याला पोसले ते बी.बी.सी. या सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने. १९५९ पासून विल्यम ग्लॉक हे तिथल्या संगीत विभागाचे प्रमुख होते. त्यांनी नव्या संगीताला रेडिओवर जागा करून दिली आणि गेरहार्ड उशिरा का होईना, घराघरांत ऐकू गेला. आधी कॅटलान सरकार, नंतर ब्रिटिश रेडिओ. म्हणजे अवघड कला ही एकांतात, समाजाच्या मदतीवाचून जगते, ही समजूत खोटी आहे. तिला चटकन गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणूनच तिला सार्वजनिक संस्थांची सर्वांत जास्त गरज असते. बाजाराच्या भरवशावर सोडले असते तर गेरहार्ड उरला नसता, फक्त सेर्रालोंगा उरला असता.

८

शेवटच्या वर्षांत त्याने लहान वाद्यसमूहांसाठी काही रचना केल्या. १९६८ ची 'लिब्रा' ही त्याच्या स्वतःच्या राशीच्या नावाची, १९६९ ची 'लिओ' पोल्डीच्या राशीच्या नावाची. दोन्ही रचना तुटक, कडक, कानाला टोचणाऱ्या ध्वनींनी भरलेल्या आहेत आणि दोन्हींच्या अखेरीस, सगळा कोलाहल ओसरल्यावर, तीच एक साधी, लोकगीतासारखी चाल येते. तिला कोणतीही सजावट नाही. तीस वर्षे परदेशात काढलेला म्हातारा जणू मातृभाषेत दोन शब्द बोलतो आणि थांबतो.

ही चाल पहिल्याच पानावर आली असती तर ती देशप्रेमाची जाहिरात झाली असती. एवढ्या वाटचालीनंतर ती येते, म्हणून ती खरी वाटते. पेद्रेलने दिलेले ऋण त्याने शोनबर्गच्या वाटेने जाऊन फेडले, असे मला म्हणावेसे वाटते.

'लिओ'नंतर वर्षाच्या आत तो गेला. त्याच्या कॅटलान कांतातेचे शब्द लिहिणारे कवी जोसेप कार्नेर हेही त्याच १९७० साली ब्रुसेल्समध्ये, हद्दपारीतच, वारले. फ्रँको १९७५ च्या नोव्हेंबरात मेला. ज्यांनी त्या देशाचे गाणे लिहिले त्यांना तो देश परत मिळालेला पाहता आला नाही. पुढे त्यांचा गौरव झाला, रचना वाजल्या, ग्रंथ निघाले. मेलेल्या बंडखोराचे स्वागत करायला प्रस्थापित समाजाला फारसे कष्ट पडत नाहीत. तो जिवंत असताना त्याचा श्रोता घडवणे हेच कष्टाचे काम असते.

म्हणून माझ्या कार्यकर्त्या मित्रांना एवढेच सांगायचे आहे. लेखक-कलावंताला 'कुणासाठी?' हा प्रश्न जरूर विचारा. तो चुकवणाऱ्याला सोडू नका. पण त्याच दमात स्वतःलाही विचारा, की ज्याच्यासाठी हे लिहिले जावे असे आपण म्हणतो त्या माणसाच्या हाती पुस्तक, कानी संगीत आणि पदरी दोन तासांची फुरसत पडावी म्हणून आपण कोणती संस्था उभी केली? बार्सिलोनाच्या कामगारांनी रविवारच्या सुट्टीत ती उभी केली होती. 'लोकांना हे कळणार नाही' असे त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी ठरवलेले नव्हते.

त्या विद्यार्थ्याला मी पुन्हा बोलावले आहे. या वेळी पाच मिनिटे नव्हे, आख्खी रचना ऐकायची आणि मगच भांडायचे, असे आमचे ठरले आहे.